पहिली बाटली पांढरी आणा

ताई, मी ५३ वर्षांची, डोंबिवलीत राहते. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे. आमच्या घरात पिण्याला बंदी अशी कधी नव्हती, पण कुणी घेतही नव्हतं. मागच्या थर्टी फर्स्टला जर्मनीतून आलेल्या पुतण्याने सगळ्यांना रेड वाइन दिली. बाटली महागाची होती म्हणे. मला कडू आणि तुरट लागली, अर्धा ग्लास मी गुपचूप बाल्कनीतल्या कुंडीत ओतला. "सवय लागते काकू," म्हणत सगळे हसले. गोव्यात एकदा पोर्ट वाइन घेतली होती, ती मात्र मला फार आवडली होती. तसं सांगितलं तर आणखीच हसले. आता फेब्रुवारीत आम्ही चार शाळकरी मैत्रिणी नाशिकला जातोय, वायनरी बघायचं ठरलंय. तिथे काय मागायचं? घरी आणायची तर कोणती, किती रुपयांची? चौघींतली एक कडक शाकाहारी आहे, तिला चालेल का? आणि खरं सांगा, ही सवय लावून घ्यायलाच हवी का?
— एक वाचक, डोंबिवली

नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, मुळीच लावून घ्यायला नको. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्वच्छ सांगितलं की अल्कोहोलचं निर्धोक म्हणावं असं कुठलंच प्रमाण नाही. त्यामुळे "रोज एक ग्लास रेड हृदयाला चांगली" असं कुणी ऐकवलं तर हसून विषय बदलावा. रक्तदाब, मधुमेह, झोपेच्या गोळ्या यांपैकी काही चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि ते नाही म्हणाले तर तिथेच थांबा. वाइन घ्यायची ती चवीसाठी. आणि चवीसाठी घ्यायची गोष्ट नाक दाबून का घ्यायची?

तरीही तुम्ही विचारताय, म्हणजे कुतूहल आहे. त्या कुतूहलाला खाद्य देण्याइतका मसाला तुमच्या पत्रातच आहे. तुम्हाला रेड आवडली नाही आणि पोर्ट आवडली. या दोन वाक्यांवरून तुमच्यासाठी बाटली निवडता येते. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही.

आधी त्या कुंडीतल्या रेडचं बघू. तुरटपणा येतो तो टॅनिनमुळे. टॅनिन द्राक्षाच्या सालीत, बियांत आणि देठांत असतं. कच्चं केळं चावल्यावर जीभ आणि हिरड्या जशा आखडतात, तसं ते तोंड आवळून टाकतं. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षं आधी पिळून घेतात आणि नुसता रस आंबवतात. लाल वाइनसाठी मात्र साली-बिया रसातच ठेवून आंबवतात, कारण रंग सगळा सालीत असतो. रंगाबरोबर टॅनिनही उतरतं. रोझे म्हणून जी गुलाबी वाइन मिळते, तिच्यात साली काही तासच रसात राहतात, म्हणून रंग कोवळा आणि तुरटपणा नावापुरता.

दुसरं, ती बाटली बहुधा 'ड्राय' होती. द्राक्षातली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. सगळी साखर खाऊन संपवली की वाइन ड्राय, म्हणजे गोडवा शिल्लक नसलेली. यीस्टला मध्येच थांबवलं, तर थोडी साखर उरते. वाइन द्राक्षाची म्हणून गोडच असणार असं आपण धरून चालतो आणि पहिला घोट घेतल्यावर दचकतो. आमच्या माहेरी निफाडकडे खाण्याच्या द्राक्षांची बाग आहे. तिथल्या थॉम्पसनचा लांबट, बिनबियांचा मणी जीए नावाच्या वाढ-संप्रेरकाच्या फवारण्या आणि विरळणी करून मोठा केलेला असतो. वाइनचं द्राक्ष त्याच्यापुढे अगदीच गरीब दिसतं. मणी बारीक, साल जाड, आत बिया. पण गोडीला ते कमी नसतं, उलट जास्तच असतं. ती गोडी यीस्टच्या पोटात जाते एवढंच.

तिसरी गोष्ट मी अंदाजाने सांगते, पण पैज लावायला तयार आहे. ती रेड घरातल्या टेबलावर उघडून ठेवलेली होती. 'रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी' हा नियम युरोपातल्या जुन्या दगडी घरांचा आहे. तिथली खोली म्हणजे १६ ते १८ अंश. डोंबिवलीची खोली डिसेंबरच्या रात्रीही पंचवीसच्या आसपास असते, त्यात माणसांची गर्दी आणि बंद खिडक्या. कोमट रेडमधलं अल्कोहोल नाकात जातं, कडवटपणा वर येतो आणि फळाचा वास हरवतो. चांगली बाटलीसुद्धा अशी वाया जाते. रेड असली तरी प्यायच्या आधी अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवा. कुणी नाकं मुरडली तर मुरडू देत.

आता पोर्टकडे वळू. खरी पोर्ट म्हणजे पोर्तुगालच्या दोरू नदीच्या खोऱ्यातली. तिथे यीस्टचं काम अर्ध्यावर असतानाच द्राक्षाची कडक दारू घालून ते बंद पाडतात. साखर उरते आणि अल्कोहोल १९-२० टक्क्यांवर जातं. गोव्यात आणि आपल्याकडे 'पोर्ट वाइन' म्हणून जे स्वस्तात मिळतं, ते बहुतेक गोड केलेली साधी लाल वाइन असते. पोर्तुगीज माणूस तिला पोर्ट म्हणणार नाही. पण तुम्हाला ती आवडली यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. गोडवा हवा, पिकलेल्या फळाचा वास हवा आणि तुरटपणा नको, एवढंच तुमच्या जिभेने सांगितलं. या तिन्ही अटींत बसणारी आणि त्या स्वस्त पोर्टपेक्षा कितीतरी बरी केलेली वाइन नाशिकमध्येच पिकते.

तर माझं उत्तर असं: पहिली बाटली शेनिन ब्लांची. पांढरी, किंचित गोड, चांगली थंड केलेली आणि जेवणाबरोबर. (उच्चाराची काळजी सोडा. नाशिकमध्ये चेनिन, शेनिन, चेनीन ब्लांक, काहीही म्हटलं तरी बाटली हीच येते.)

शेनिन ही द्राक्षाची जात, मूळची फ्रान्सच्या ल्वार नदीकाठची. दक्षिण आफ्रिकेत ती भरपूर लावली जाते आणि आपल्याकडेही चांगली रुळली आहे. नाशिकच्या सुला वायनरीच्या अगदी पहिल्या वाइन २००० साली बाजारात आल्या, त्या दोनच होत्या, सोव्हिन्यों ब्लां आणि ही. हिच्यात आंबटपणा टिकून राहतो आणि आपल्या हवेत तेच सगळ्यात अवघड असतं. ऊन वाढलं की मण्यातली साखर भराभर चढते आणि आंबटपणा तितक्याच वेगाने उतरतो. मग वाइन बेचव, जड होते. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे आणि हिवाळ्यात निफाडकडचा पारा किती खाली जातो ते तुम्ही दरवर्षी बातम्यांत वाचताच. थंड रात्री आंबटपणा राखून ठेवतात. म्हणून आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा संपला की फळासाठीची गोडी छाटणी, आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. युरोपात हेच काम सप्टेंबर-ऑक्टोबरला चालतं. तुम्ही फेब्रुवारीत जाताय म्हणजे वेळ अगदी बरोबर साधली आहे. बागेत घड असतील आणि वायनरीत नव्या रसाचा आंबूस वास भरलेला असेल. तोडणी शक्यतो गारव्यात, पहाटे उरकतात. चौघींपैकी कुणाला लवकर उठायचा उत्साह असेल तर तोडणी बघता येईल का, असं आधी फोन करून विचारा.

शेनिनच्या घोटात पेरू, कधी अननस, कधी मधाचा पुसट वास येतो. नाही आला तरी बिघडत नाही. बाटलीमागे लिहिलेल्या फळांची यादी ही लिहिणाऱ्याच्या नाकाची असते आणि ती वाचून स्वतःच्या नाकावर शंका घ्यायची नसते. सुलाची आणि यॉर्कची शेनिन गोडसर अंगाची. फ्रातेल्लीची वाइन अकलूजच्या बाजूची, तिथली शेनिन त्या मानाने कोरडी, म्हणजे ड्राय. पहिल्या खेपेला गोडसर घ्या. यॉर्क २०२१ पासून सुलाच्याच मालकीची आहे, पण चव वेगळी लागते. नाशिकला दोन्ही जवळजवळ आहेत, गंगापूर धरणाच्या बाजूला, तेव्हा एकाच दिवशी दोन्ही चाखून तुमची तुम्हीच ठरवा.

हे सगळं जेवणाबरोबर, हे मी मुद्दाम पुन्हा सांगते. आपल्याकडे पिणं म्हणजे जेवणाआधीचा तासभर, शेंगदाणे आणि चकली, आणि मग जेवण. व्हिस्कीचा हा रिवाज आपण वाइनला लावतो आणि मग ती आंबट लागते, पोटात जळजळते. वाइन ताटाशेजारी बसायला जन्मली आहे. नवशिक्याने तर एक घास, एक घोट असंच घ्यावं.

आपलं जेवण तिखट आहे म्हणून वाइन चालत नाही असं म्हणणारे भेटतील. त्यांनी तिखटाबरोबर चुकीची वाइन घेतलेली असते. अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही मिरचीची आग वाढवतात. गोडवा आणि गारवा ती शमवतात. त्यामुळे तांबड्या रश्श्याबरोबर कडक ड्राय रेड म्हणजे जिभेवर अत्याचार, आणि गोडसर गार शेनिन म्हणजे सुख. मिसळीबरोबरसुद्धा! भाकरी-पिठलं-ठेच्यालाही तीच. तळलेलं असेल, म्हणजे कोथिंबीर वडी, बटाटेवडा, साबुदाणा वडा, तर बुडबुड्यांची स्पार्कलिंग घ्या. तिचा आंबटपणा आणि फेस तेल धुऊन काढतात. सुरमई किंवा कोळंबी तव्यावर भाजून वर लिंबू पिळलं असेल, तर सोव्हिन्यों ब्लां. ही शेनिनपेक्षा कोरडी, हिरव्या मिरचीच्या सालीसारखा, गवतासारखा वास असलेली. काहींना पहिल्या घोटात पटते, काहींना कधीच नाही. तुम्हाला ती दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला द्यावी असं माझं मत.

स्पार्कलिंग घेताना एका फसव्या जागेपासून सावध राहा. लेबलवर 'ब्रूट' असेल तर ती कोरडी, लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर. 'एक्स्ट्रा ड्राय' वाचून ती आणखी कोरडी असेल असं वाटतं, पण ती ब्रूटपेक्षा गोड असते, १२ ते १७ ग्रॅम. आणि 'डेमी सेक' म्हणजे ३२ ते ५०, चांगलीच गोड. हा घोळ कुणी घातला त्याला नमस्कार, पण तुम्हाला गोड हवं असताना हातात ब्रूट पडायला नको. स्पार्कलिंग बनवणाऱ्या शांदोंचा कारखानाही नाशिक जिल्ह्यातच, दिंडोरीला आहे. पण पहिल्या सहलीत सगळं उरकायचा अट्टहास करू नका.

गोडाच्या बाबतीत नियम एवढाच की वाइन ताटातल्या गोडापेक्षा गोड हवी, नाहीतर ती आंबट पाणी लागते. त्यासाठी 'लेट हार्वेस्ट' असते. घड वेलीवरच जास्त दिवस राहू देतात, साखर दाट होते आणि त्याची मधाळ वाइन होते. सुलाची लेट हार्वेस्ट शेनिन पुरणपोळीबरोबर एकदा घ्याच. नैवेद्याचं ताट सोडून, दुसऱ्या दिवशीच्या शिळ्या पोळीबरोबर. तुमची पोर्ट जिला आवडली त्याच जिभेला ही फार आवडेल. छोटासा ग्लास पुरतो.

आता खरेदी. आपल्याकडे 'वाइन शॉप' अशी पाटी असलेल्या दुकानात वाइन सोडून सगळं पुढच्या फळीवर असतं. वाइनच्या बाटल्या मागे किंवा वर, ट्यूबलाइटखाली, कधी तर थेट काचेच्या खिडकीत उन्हाला. ऊन आणि उकाडा हे वाइनचे खरे शत्रू. मे महिना अशा खिडकीत काढलेली बाटली मी फुकट दिली तरी घेणार नाही. एसी असलेलं दुकान शोधा. लेबलवर तारीख बघा आणि ताजी निवडा. पांढरी आणि रोझे शक्यतो वर्ष-दोन वर्षांच्या आतली. 'वाइन जितकी जुनी तितकी चांगली' हे फार थोड्या वाइनना लागू पडतं. आपण घेतो त्या जवळजवळ सगळ्या ताज्या प्यायलाच बनवलेल्या असतात, आणि कपाटात दहा वर्षं जपून ठेवलेल्या बाटलीतून नातवाच्या मुंजीला व्हिनेगर निघतं. बूच नसून फिरकीचं झाकण असेल तर ती हलकी वाइन असं समजू नका. न्यूझीलंडच्या उत्तम वाइनना फिरकीचंच झाकण असतं, आणि ते उघडायला पुतण्या लागत नाही.

दुकानातली गर्दी, काउंटरवरच्या नजरा, हे तुम्ही लिहिलं नाहीत पण मला माहीत आहे. सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी २०२२ मध्ये घेतला होता. त्यावर इतका गदारोळ झाला की तो अमलात आला नाही. तो निर्णय बरा की वाईट यावर आमच्या घरातही दोन तट आहेत. पण त्यामुळे तुमच्यासारख्यांना सगळ्यात सोयीची जागा उरते ती वायनरीचं स्वतःचं दुकान. तिथे बाटल्या थंडाव्यात असतात, चाखून घेता येतं आणि कुणी बघत नाही. फक्त परतीच्या वाटेवर त्या गाडीच्या डिकीत उन्हात ठेवून दुपारभर पांडवलेणी बघत बसू नका.

किती रुपयांची? नवशिक्याने पूर्ण बाटलीच घेऊ नये. ३७५ मिलीची अर्धी बाटली मिळते, कॅनही मिळतात. कॅनमधल्या काही हलक्या फसफसत्या वाइन आठ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोलच्या असतात आणि सुरुवातीला उत्तम. पूर्ण बाटली घ्यायची तर हजाराच्या अलीकडे-पलीकडे नाशिकची चांगली शेनिन येते, त्याहून जास्त खर्च करायचं कारण नाही. राज्याच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने इथल्या वाइनला उत्पादन शुल्कातून सूट दिली होती, तिचा फायदा झाला. उलट परदेशी बाटलीवर वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क होतं. ऑस्ट्रेलियाशी करार झाल्यावर २०२२ च्या अखेरीपासून तिथल्या वाइनवर ते टप्प्याटप्प्याने उतरतंय. पण आयात बाटलीचं बिल भरताना त्यातला मोठा वाटा कराचा असतो हे विसरू नका. 'रिझर्व्ह' हा शब्द बघूनही जास्त पैसे देऊ नका. त्यात लाकडी बॅरलची आणि टॅनिनची मात्रा अनेकदा जास्त असते, म्हणजे तुम्हाला जे नको होतं नेमकं तेच.

टेस्टिंगबद्दल. चाखायला साधारण पाच-सहा प्रकार देतात, प्रत्येकी घोट-दोन घोट. आधी भरपेट नाश्ता करा. क्रम हलक्याकडून जडाकडे असतो, रेड शेवटी येते. ग्लास दांड्याला धरायचा, म्हणजे हाताच्या उबेने वाइन तापत नाही. तो गोल फिरवतात त्याने वास मोकळा होतो, म्हणून फिरवायचा. बाकी नाटक केलं नाही तरी चालतं. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं आणि ते वापरणं अजिबात असभ्य नाही. धंद्यातली माणसं तर थुंकतातच, नाहीतर दुपारपर्यंत कुणी उभं राहणार नाही. जी आवडली नाही ती भांड्यात ओता (तिथे कुंडी शोधायची गरज नाही). आणि वाढणाऱ्या मुलाला सरळ सांगा, "मला गोडसर आवडते, तुरट आवडत नाही." याहून चांगली माहिती त्याला दिवसभरात क्वचितच कुणी देतं. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची झुंबड असते, तेव्हा घाईने वाढतात आणि समजावून सांगायला कुणाला वेळ नसतो. तुम्ही चौघी निवृत्तीच्या आसपासच्या, मंगळवार-बुधवार गाठा.

आकडे एकदा बघून ठेवा, कारण वाइन 'सौम्य' असते हा आपल्याकडचा मोठा गैरसमज. १५० मिलीचा ग्लास, १३ टक्के अल्कोहोल, म्हणजे साडेएकोणीस मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये ते तेराच्या जरा आत असतं. म्हणजे वाइनचा एक ग्लास दीड पेगाच्या बरोबरीचा आणि पूर्ण बाटली साडेसात पेगांची. टेस्टिंगचे सगळे घोट मिळून एक ग्लास होतोच. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम अल्कोहोल इतकी कमी आहे की 'आम्ही नुसतं चाखलं' हे पोलिसाला सांगून उपयोग नाही. चौघींसाठी ड्रायव्हरसह गाडी ठरवा. तिथे पैसे वाचवू नका.

तुमच्या शाकाहारी मैत्रिणीचा प्रश्न फार कमी लोक विचारतात, पण तो रास्त आहे. वाइन द्राक्षाचीच असते, मात्र ती नितळ करताना (यालाच फायनिंग म्हणतात) काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग, जिलेटिन किंवा माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरतात. तो नंतर काढून टाकतात, तरी वापरलेला असतो. बऱ्याच ठिकाणी त्याऐवजी बेंटोनाइट नावाची माती वापरतात, पांढऱ्या वाइनसाठी तर सर्रास. लेबलवर 'व्हेगन' असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर वायनरीत थेट विचारावं, "फायनिंगला काय वापरता?" उत्तर देता आलं नाही तर तिने द्राक्षाचा रस प्यावा आणि तुमच्यावर लक्ष ठेवावं.

घरी आल्यावर शेनिन तीन-चार तास फ्रीजमध्ये ठेवा. प्यायच्या आधी दहा मिनिटं बाहेर काढा, फार गार असली की वासच येत नाही. पाहुणे दारात आणि बाटली कोमट असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली बुडवा, वीस मिनिटांत काम होतं. उन्हाळ्यात ग्लासात सरळ बर्फ टाकलात तरी मी काही म्हणणार नाही. स्पेनमध्ये उन्हाळ्यात लाल वाइनमध्ये लिंबाचा सोडा घालून पितात, जर्मनीत पांढरीत सोडा घालतात, आणि त्या लोकांना वाइन कळत नाही असं कुणी म्हणत नाही. उरलेली बाटली झाकण लावून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस चांगली राहते, रेडसुद्धा फ्रीजमध्येच. स्पार्कलिंग मात्र दुसऱ्या दिवशी संपवा.

रेडचं दार कायमचं बंद करू नका. शेनिनशी गट्टी जमली की एखादी झिनफँडेल रोझे घ्या, रंग गुलाबी, स्ट्रॉबेरीच्या वळणाची. तीही आवडली तर मग मऊ टॅनिनची रेड, मर्लो किंवा कमी बॅरलची साधी शिराझ. गार करून आणि मटणाबरोबर. मटणातली चरबी आणि मीठ टॅनिनची धार बोथट करतात, म्हणून नुसती प्यायल्यावर जी तुरट लागते तीच सुक्क्या मटणाबरोबर गोल वाटते. काबर्ने सोव्हिन्यों सगळ्यात शेवटी. पुतण्याची ती बाटली बहुधा याच जातीची होती. आणि इतकं करूनही रेड नाहीच आवडली, तर नाही आवडली. पांढऱ्या वाइनमध्ये आयुष्य काढलेली जाणकार माणसं भरपूर आहेत.

पुतण्या पुढच्या वेळी येताना काय आणू विचारेल तेव्हा हे त्याला पाठवा: मोझेल नदीकाठची रीसलिंग, लेबलवर 'काबिनेट' लिहिलेली. तिच्यात अनेकदा अल्कोहोल आठ-नऊ टक्केच असतं, गोडवा आणि आंबटपणा दोन्ही. पण त्याच लेबलवर 'ट्रॉकन' हा शब्द दिसला तर ती बाटली परत ठेव म्हणावं, ती कोरडी असते. 'फाइनहर्ब', म्हणजे किंचित गोड, असेल तर चालेल. आणि विमानातून आणताना काचेची बाटली साडीत गुंडाळून सुटकेसच्या मधोमध ठेवायला सांगा, कडेला नको.